गाडी न काढता कोकण : निसर्गाला कमीत कमी त्रास देऊन आठवडाभर फिरायचं कसं

सस्टेनेबल ट्रॅव्हल म्हटलं की लगेच लोक बांबूचा ब्रश, कापडी पिशवी, स्टीलचा स्ट्रॉ असली खरेदी सुरू करतात. घ्या, वाईट काही नाही त्यात. पण एसयूव्हीत दोघंच बसून मुंबईहून मालवणला गेलात आणि तिथे बांबूच्या ब्रशने दात घासलेत तर त्याने काय फरक पडणार सांगा? सहलीतला सगळ्यात मोठा हिशोब जाण्यायेण्याचा असतो, मग पाण्याचा, मग खाण्याचा आणि कचऱ्याचा. ब्रश पार शेवटी. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय, आणि उदाहरण कोकणाचं घेतलंय कारण आपल्यातले निम्मे लोक वर्षातून एकदा तरी तिकडे जातातच, गाव असो नसो.

आधी गणित बघू. मुंबई ते मालवण साधारण पाचशे किलोमीटर. जाऊन येऊन हजार, वर तिथलं फिरणं धरून बाराशे धरा. घाटात, एसी लावून, सामान भरून पंधराचं ॲव्हरेज मिळालं तरी ८० लिटर पेट्रोल गेलं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे एका ट्रिपचा १८० किलोच्या वर. गाडीत दोघं असतील तर माणशी ९० किलो, चौघं असतील तर ४५. कोकण रेल्वेचा मार्ग २०२२ मध्ये पूर्ण विजेवर आला, आणि भरलेल्या ट्रेनमधल्या एका सीटच्या वाट्याला याचा अगदी छोटा भाग येतो. आणि पैशाचं म्हणाल तर ८० लिटरच्या पेट्रोलचे जेवढे होतात त्याच्या निम्म्यातसुद्धा चौघांची स्लीपरची जाऊन येऊन तिकिटं निघतात. टोल, हायवेवरची कामं, कशेडी, परतीच्या रविवारचं ट्रॅफिक हे सगळं वेगळंच.

दिवस ठरवताना

दोन-दोन दिवसांच्या चार ट्रिपा करण्यापेक्षा सात-आठ दिवसांची एकच करा. बाकी काही केलं नाहीत तरी चालेल पण एवढं करा. जाण्यायेण्याचा धूर चारदा ऐवजी एकदाच होतो आणि एका गावात तीन-चार रात्री राहिलं की रोज गाडी हाणत पॉइंट बघत सुटायची गरज उरत नाही. चार दिवसांत दापोली, गुहागर, गणपतीपुळे, मालवण सगळं "कव्हर" करायचं असले प्लॅन बघितले की मला खरंच कळत नाही लोक तिकडे समुद्र बघायला जातात की किलोमीटर मोजायला. एक ट्रिप एक तालुका, फार तर दोन.

ख्रिसमस ते न्यू इयर आणि मे महिन्याची सुट्टी शक्य असेल तर टाळा. गर्दीमुळे मजा जाते हे झालंच, पण त्या दिवसांत गावाच्या पाण्यावर, रस्त्यावर आणि कचऱ्यावर जो ताण येतो तो आपण आणखी कशाला वाढवायचा? त्यातून मे म्हणजे विहिरी तळाला गेलेल्या. जानेवारी-फेब्रुवारीतले मधले वार हा माझ्या मते सगळ्यात चांगला काळ, हवा छान, ट्रेनला जागा मिळण्याची शक्यता जास्त, होमस्टेवालेही निवांत बोलायला मोकळे. पावसाळा आवडत असेल तर गणपतीची गर्दी ओसरल्यावर जा. फक्त एक लक्षात ठेवा, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं मान्सून टाइमटेबल असतं, गाड्या हळू धावतात आणि वेळा बदलतात, तेव्हा जुना स्क्रीनशॉट बघून स्टेशनवर जाऊ नका.

ट्रेनचं तिकीट, म्हणजे खरी लढाई

रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पर्यंत ते १२० दिवस होतं). म्हणजे फेब्रुवारीत जायचं तर डिसेंबरमध्ये तारीख पक्की हवी. ग्रुपमध्ये "बघू रे, नंतर ठरवू" म्हणणारा एक असतोच, त्याच्यासाठी थांबू नका, तिकिटं काढा, त्याला नंतर काय करायचं ते करू दे.

गाड्या कोणत्या? रात्री निघून सकाळी उतरायचं तर कोकणकन्या किंवा तुतारी. दिवसा बघत जायचं तर मांडवी, जिचं खाणं नावाजलेलं आहे, आणि जनशताब्दी. पटकन पोचायचं तर तेजस, वंदे भारत, पण त्या मोजक्या स्टेशनांवर थांबतात. रिझर्व्हेशन नाहीच मिळालं आणि अंगात दम असेल तर दिवा-सावंतवाडी आहे, बहुतेक स्टेशनं घेत जाते, सकाळी दिव्याला लवकर पोचलात तर बसायला जागा मिळेल.

तुतारीचा एक घोळ सांगून ठेवतो. ती दादरहून मध्यरात्री बारानंतर सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री घरून निघणार असाल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढायचं. शुक्रवारचं तिकीट घेऊन शुक्रवारी रात्री स्टेशनवर येणारे लोक दर सीझनला दिसतात, त्यांची गाडी आदल्याच रात्री गेलेली असते.

वेटिंग आलं तर घाबरून लगेच गाडी बुक करू नका. आधी जवळची दोन-तीन स्टेशनं टाकून बघा. मालवणला जायचं म्हणून सगळे कुडाळच टाकतात, पण कणकवली किंवा सिंधुदुर्गनगरीलाही उतरता येतं. वार बदलून बघा, मंगळवार-बुधवारला चित्र वेगळं असतं. तत्काळ एसीचं सकाळी दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं, आणि ऑनलाइन तत्काळसाठी आता अकाउंटला आधार जोडलेलं लागतं, ते आदल्या दिवशी नाही, आधीच करून ठेवा.

कुठल्या गावासाठी कुठे उतरायचं हे एकदा डोक्यात बसलं की सगळं सोपं होतं. दापोली, हर्णै, मुरुड, कर्दे यासाठी खेड. गुहागर, हेदवीसाठी चिपळूण. गणपतीपुळे, पावस, जयगडसाठी रत्नागिरी. देवगडला नांदगाव किंवा कणकवली. मालवण, तारकर्लीला कुडाळ. वेंगुर्ला, शिरोडा, आंबोलीला सावंतवाडी. स्टेशनं बऱ्याचदा गावाबाहेर आहेत, रत्नागिरीचं आणि सावंतवाडीचं तर चांगलंच लांब, त्यामुळे स्टेशन ते एसटी स्टँड एवढी एक रिक्षा धरून चाला.

पुणेकरांसाठी वेगळं. तुम्ही पनवेलला येऊन ट्रेन पकडायचा खटाटोप करण्यापेक्षा स्वारगेटहून थेट दापोली, चिपळूण, रत्नागिरीची एसटी बघा. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना तर घाट उतरला की कोकण, तिकडून एसटीशिवाय दुसरा विचारच करू नका.

स्टेशनपासून पुढे : एसटी समजून घ्या

इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि मग "चल यार, गाडीच काढू" होतं. तर एसटीचं तंत्र असं आहे. ॲपवर आणि गुगलवर गावच्या गाड्यांच्या वेळा धड सापडत नाहीत, सापडल्या तरी त्या बरोबर असतीलच असं नाही. स्टँडवर जा, चौकशीच्या खिडकीत जो कंट्रोलर बसलेला असतो त्याला विचारा, आणि विचारताना फक्त जाणारी गाडी विचारू नका, त्या गावातून परत येणारी शेवटची गाडी किती वाजता आहे हे आधी विचारा. मग त्याच्या मागे जो वेळापत्रकाचा बोर्ड रंगवलेला असतो त्याचा फोटो काढून घ्या. होमस्टेच्या काकूंनाही विचारा, त्यांना "साडेसातची", "शाळेची गाडी", "दुपारची" असं सगळं पाठ असतं.

वस्तीची गाडी हा प्रकार शहरातल्या लोकांना माहीतच नसतो. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली एसटी शेवटच्या गावात पोचते, ड्रायव्हर-कंडक्टर रात्री तिथेच मुक्काम करतात, आणि सकाळी उजाडायच्या सुमाराला तीच गाडी परत निघते. देवळाजवळ नाहीतर पारापाशी उभी असते, काचांवर दव साठलेलं, कंडक्टर टॉवेल खांद्यावर टाकून तोंड धूत असतो, आणि मग एकेक जण यायला लागतात, कुणाच्या हातात फुलांची परडी, कुणाकडे माशांची टोपली, कॉलेजची पोरं. तुमचं गाव वस्तीच्या गाडीचं असेल तर सकाळी लवकर तालुक्याला जाऊन संध्याकाळी परत येणं आरामात जमतं, दिवसभराला रिक्षा ठरवायची गरज नाही.

भाड्याचं सांगायचं तर महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं. आधार कार्ड जवळ ठेवा. आणि "आवडेल तेथे प्रवास" म्हणून चार दिवसांचा आणि सात दिवसांचा पास मिळतो, खूप फिरणार असाल तर स्टँडवर त्याची चौकशी करा, एकाच गावात बसून राहणार असाल तर उगाच घेऊ नका.

जिथे एसटी नाही तिथे वडाप, सहा आसनी, शेअर रिक्षा. भरल्याशिवाय सुटत नाही म्हणून चिडू नका, भरून सुटते म्हणूनच ती स्वस्त आणि पर्यावरणाला परवडणारी आहे.

आणि खाड्या! किनाऱ्याकिनाऱ्याने जाणार असाल तर फेरीबोट वापरा. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ. दापोलीहून गुहागरला जायला दाभोळची फेरी घेतली तर चिपळूणचा मोठा वळसा वाचतो. पायी माणसाला तिकीट अगदी किरकोळ असतं, आणि पलीकडे उतरल्यावर पुढची एसटी कधी आहे ते मात्र अलीकडेच विचारून घ्या, नाहीतर धोपाव्याच्या जेटीवर चहा पीत बसावं लागेल.

राहायचं कुठे, आणि पाण्याचं काय

गावातल्या माणसाच्या घरी रहा. निवास-न्याहारी योजनेत नोंदलेली घरं आहेत, नसलेलीही चांगली आहेत. पैसा गावात राहतो हा एक भाग, दुसरा म्हणजे जुन्या जांभ्याच्या भिंती आणि कौलं असलेल्या घरात एसीची गरज वर्षातले बरेच दिवस लागतच नाही. बुक करताना फोनवर तीन गोष्टी विचारा : घर कुणाचं आहे आणि ते तिथेच राहतात का, पाणी विहिरीचं की टँकरचं, आणि कचऱ्याचं काय करतात. शेवटच्या प्रश्नाला थोडं गप्प होतील, तरी विचारा.

पाण्याचं नीट समजून घ्या कारण इथे सगळ्यांचा गैरसमज होतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मग पाण्याला काय तोटा, असं वाटतं. पण जांभ्याचा कातळ ते पाणी फार धरून ठेवत नाही, उतारही तीव्र, सगळं भसाभस वाहून समुद्रात जातं. एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांवर टँकर येतात. अशा गावात स्विमिंग पूलवालं रिसॉर्ट घेणं म्हणजे काय ते तुम्हीच बघा, मी तर घेत नाही. समुद्र समोर असताना पूल लागतो कशाला?

मग करायचं इतकंच : बादलीने आंघोळ, समुद्रातून आल्यावर अंगावरची वाळू किनाऱ्यावरच झटकायची म्हणजे धुवायला पाणी कमी लागतं, रोज चादर-टॉवेल बदलायला सांगायचं नाही, कपडे शक्यतो घरी येऊन धुवायचे. आणि संडासात पॅड, डायपर, वेट वाइप्स टाकायचे नाहीत, इथे ड्रेनेज लाइन नसते, घरामागे शोषखड्डा असतो, तो तुंबला की ते कुटुंब आठवडाभर निस्तरत बसतं.

मासे : काय मागायचं, कधी मागायचं नाही

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, कारण पावसाळा हा बऱ्याच माशांचा विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. त्या दोन महिन्यांत कुणी तुम्हाला ताजी सुरमई वाढत असेल तर ती फ्रीजरमधली तरी असेल नाहीतर बंदी मोडून आणलेली. तेव्हा खाडीचे मासे, सुकट, सोडे, जवळा खा. नाहीतर सरळ शाकाहारी व्हा, टाकळा, भारंगी, फोडशी अशा रानभाज्या, कुळथाची पिठी आणि गरम भात, पावसात याच्यासारखं दुसरं काही नाही.

एरवीही प्रत्येकाला सुरमई, पापलेट आणि कोळंबीच हवी असते. २०२३ मध्ये रुपेरी पापलेटला महाराष्ट्राचा राज्य मासा केलं, त्यामागे कारण हेच की त्याचं प्रमाण घटतंय, आणि आपण तळहातापेक्षा लहान पापलेटं ताटात घेतो, म्हणजे ज्यांनी एकदाही अंडी घातलेली नाहीत अशी. लहान पापलेट स्वस्त मिळालं तरी नको म्हणा. बांगडा, तारली, पेडवे, सौंदाळे, मुडदुशे, तिसऱ्या हे मागा. "आज काय आलंय?" एवढंच विचारायचं आणि जे आलंय ते खायचं. स्वस्तही पडतं आणि चवीला काकणभर सरसच.

जेवायचं आहे हे सकाळीच सांगा, किती जण ते सांगा, आणि सांगितलं की जेवायला या. आठ माणसांचं करून ठेवलं आणि चौघे बाहेर खाऊन आले, हे होमस्टेवाल्यांच्या रोजच्या तक्रारीतलं आहे.

कचरा

गावात घंटागाडी असेलच असं नाही. किनाऱ्यावरच्या डब्यात टाकलेलं वेफरचं पाकीट बहुतेक वेळा तिथेच मागे जाळलं जातं नाहीतर खड्ड्यात जातं. म्हणून ओला कचरा तिथे माडाच्या आळ्यात जाऊ दे, आणि सुका सगळा परत शहरात आणा. एक मोठी जाड पिशवी फक्त त्यासाठीच ठेवा. स्टीलची बाटली घ्या, लिटरची, अर्ध्याची नको, पुरत नाही, आणि होमस्टेत उकळलेलं पाणी मागा, कुणी नाही म्हणत नाही. एक डबा आणि चमचा सोबत असला की ट्रेनमध्ये, टपरीवर, सगळीकडे थर्माकोल-प्लास्टिक टळतं. बाकी यादी वाढवू नका, सामान जितकं कमी तितकी एसटी सोपी.

समुद्र, कासवं, कातळशिल्पं

वाळूवर गाडी घालू नका. आपली नसली तरी हौशी मित्राला थांबवा. दरवर्षी कुणाची तरी एसयूव्ही भरतीत रुतते, व्हिडिओ व्हायरल होतो, लोक हसतात, पण चाकाखाली खेकड्यांची बिळं आणि सीझनला कासवांची घरटी असतात ते कुणी बघत नाही.

मंडणगड तालुक्यातलं वेळास, दापोलीतलं आंजर्ले इथे ऑलिव्ह रिडली कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला मिळतात, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. वेळासला हे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन उभं केलं, आणि पाहुण्यांची सोय गावातल्या घरांतच होते. जाण्याआधी फोन करून विचारा, कारण अंडी घातल्यापासून पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात आणि नक्की दिवस कुणाच्या हातात नसतो. पिल्लं नाहीच निघाली तर स्वयंसेवकांशी हुज्जत घालू नका. निघाली तर दोरीच्या मागे उभं रहा, फ्लॅश बंद, टॉर्च बंद, हातात घेऊन सेल्फी तर अजिबात नाही. वाळूवरून पाण्यापर्यंत त्यांचं त्यांना चालत जाऊ द्यायचं असतं.

मालवणला स्नॉर्केलिंग करताना प्रवाळावर उभं राहू नका, पाय टेकवायला ते दगडच वाटतात पण जिवंत असतात. ज्याला पोहता येत नाही त्याने लाइफ जॅकेट घालून वर तरंगत बघावं, तेही सुंदर दिसतं. डॉल्फिन बघायच्या बोटीत बसलात तर "अजून जवळ घ्या ना दादा" म्हणू नका. बोटवाले पाठलाग करतात ते आपल्या हट्टापायी, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायला सांगितलं तर आनंदाने थांबतात, डिझेल त्यांचंही वाचतं. प्रवाळाचे तुकडे, शोभेचे म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका, वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे.

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची (म्हणजे कातळाच्या पठारांवरची) कातळशिल्पं, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू वगैरे, २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. चित्राच्या रेषांवर चालायचं नाही, खडूने किंवा पाण्याने रेषा उठावदार करून फोटो काढायचे नाहीत. गावातला कुणी सोबत घ्या, त्याला पैसे द्या, नाहीतर सड्यावर तुम्हाला ती सापडणारही नाहीत.

गाडी न्यावीच लागली तर

घरात म्हातारी माणसं, तान्हं बाळ, व्हीलचेअर असेल तर गाडी लागते, त्यात अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. सगळ्या सीटा भरा, टायरची हवा तपासा, ८० च्या आसपास चालवा, टपावर कॅरिअर टाळा. आणि गावात पोचलात की गाडी अंगणात लावून ठेवा, तिथलं फिरणं पायी, रिक्षाने, एसटीने. २०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी कार रेल्वेच्या वॅगनवर चढवून न्यायची (रो-रो) सोय सुरू केली होती, ती कधी चालू असते ते रेल्वेच्या साइटवर बघून घ्या, पण त्यात कोलाडपर्यंत चालवत जावं लागतं हे धरा. अलिबाग, मुरुड-जंजिऱ्याकडे जाणाऱ्यांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट आहे, पेण-वडखळचा सगळा वैताग वाचतो.

परतीच्या तारखेचं रिझर्व्हेशन उघडेल त्याच दिवशी परतीचं तिकीटही काढा, आणि रविवारऐवजी सोमवार रात्रीचं काढा, मंगळवारी सकाळी दादरला उतरून थेट ऑफिसला जाता येतं. निघायच्या आदल्या दिवशी आमसुलं, कोकम आगळ, काजू गावातल्या बचत गटाकडून घ्या, आणि आंब्याचा सीझन असेल तर बागायतदाराचा नंबर घेऊन ठेवा. पेटी ट्रेनमधून आणायची असेल तर लोअर बर्थखाली मावते, फक्त झोपायच्या आधी ती आडवी नाही ना झाली ते एकदा बघा.